‘ओपन सोर्स आहे, लोगो बिनधास्त छापा’ हा मेसेज चुकीचा आहे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. प्रिंटिंगवाल्यांच्या, कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या आणि आमच्या गल्लीच्या. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड (मूळ लिखाण) कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर, आणि लायसन्स म्हणजे त्याच्या वापराच्या अटी. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

‘ओपन सोर्स सॉफ्टवेअर सर्वांचे असते, म्हणून त्याचा लोगोही सर्वांचा. १) लायसन्समध्येच धंद्यासाठी वापरायची परवानगी असते. २) लोगोची फाईल कोडसोबतच मिळते, म्हणजे तिलाही तेच लायसन्स. ३) ज्या लोगोवर गोलातला आर नाही, तो मोकळा. ४) रंग बदलला की लोगो आपला. ५) परदेशातल्या संस्थेचा हक्क भारतात चालत नाही. ६) लोगोवर हक्क सांगणे हेच ओपन सोर्सच्या तत्त्वाविरुद्ध आहे, उलट आपण त्यांची फुकट जाहिरात करतो. पुढे पाठवा.’

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. बोर्ड, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, सर्टिफिकेट, सगळं करते. २०२४ मध्ये बोर्डावर साठ टक्के कन्नडचा कायदा आला तेव्हापासून बेळगावात बोर्ड नव्याने करून घेणाऱ्यांची रीघ लागली आहे. बोर्ड नवा होतोच आहे तर त्यावर चार लोगो पण हवेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. ‘कोण बघूलाय अक्का, घाला की’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. हल्ली त्याच्या जोडीला हा मेसेजही मोबाईलवर दाखवला जातो. माझं काम इंकस्केप आणि गिंप या चित्रं करायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतं, विकतचं कोरल घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा याच दोघांनी मला उभं केलं. त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि बाकीचा सगळा मेसेज त्या अर्ध्यावर उभा आहे. धंद्यासाठी वापरायची परवानगी असते, हे बरोबर. ओपन सोर्सच्या व्याख्येतलं सहावं कलमच सांगतं की कुठल्याही क्षेत्रातल्या वापरावर बंदी घालता येणार नाही. पण ही परवानगी सॉफ्टवेअरची आहे. त्याच व्याख्येतलं चौथं कलम असंही सांगतं की बदल केलेल्या सॉफ्टवेअरला वेगळं नाव द्या, अशी अट मूळ लेखक घालू शकतो. कोड घ्या, नाव राहू द्या, हा विचार व्याख्येतच बसलेला आहे. लायसन्समध्ये तर तो आणखी उघड लिहिला आहे. अपाची लायसन्स २.० चं सहावं कलम म्हणतं की या लायसन्सने नाव आणि ट्रेडमार्क (मालाची किंवा सेवेची ओळख सांगणारी खूण) वापरायची परवानगी मिळत नाही, अपवाद फक्त हे काम मूळ कुणाचं ते सांगण्यापुरता. फायरफॉक्स हा ब्राउझर ज्या मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली येतो, त्यातही ट्रेडमार्कचा हक्क दिलेला नाही. जीपीएल या आणखी एका लायसन्सच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत ट्रेडमार्कचा हक्क देत नाही अशी जादा अट घालायची मुभा लेखकाला आहे. मेसेज लिहिणाऱ्याने लायसन्सचं नाव घेतलं, पण ते उघडून वाचलेलं दिसत नाही.

आमच्या धंद्यातलंच उदाहरण देते. दोन भाषांच्या बोर्डासाठी मी देवनागरीला बलू आणि कन्नडला बलू तम्मा वापरते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. बोर्ड करून पैसे घ्यायला त्यात काहीच आडकाठी नाही. पण याच लायसन्समध्ये फॉन्टकर्त्याला आपलं नाव राखून ठेवायची सोय आहे. राखलेल्या नावाच्या फॉन्टची अक्षरं बदलून तुम्ही नवा फॉन्ट वाटलात, तर त्याला वेगळं नाव द्यावं लागतं. फॉन्ट वापरणारे आपण सगळे हा नियम रोज पाळतो, आणि कुणाला तो जाचक वाटत नाही.

आता फायरफॉक्सची गोष्ट. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी, पण ओपन सोर्स असलेली कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. डेबियन हा लिनक्सचा प्रकार स्वातंत्र्याच्या बाबतीत सगळ्यात कडक मानला जातो. डेबियनवाले फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल करून तो वाटायचे. पण त्याचा लोगो मोकळ्या लायसन्सखाली नव्हता, म्हणून तो काढून टाकायचे आणि नाव तेवढं ठेवायचे. २००६ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं की नाव हवं असेल तर लोगोही आमचाच घ्या आणि तुमचे बदल आम्हाला दाखवा. डेबियनने काय केलं? नाव सोडलं. त्यांच्याकडे फायरफॉक्स ‘आइसवीझल’ झाला, आणि २०१६ मध्ये दोघांचं जुळेपर्यंत तो त्याच नावाने राहिला. अख्खा कोड हातात असलेल्या लोकांनी दहा वर्षं दुसऱ्या नावाने काम केलं. लिब्रेऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरचंही तेच. २०१० मध्ये ओपनऑफिसची बरीच मंडळी बाहेर पडली तेव्हा कोड सोबत आला, नाव ओरॅकल कंपनीकडे राहिलं, म्हणून नवं नाव शोधावं लागलं. सेंटओएस हा लिनक्सचा प्रकार रेड हॅट कंपनीच्याच कोडवरून तयार व्हायचा, पण त्यातून रेड हॅटचं नाव आणि चिन्ह निवडून काढावं लागायचं.

दुसरा मुद्दा लोगोच्या फाईलचा. इथे दोन वेगळे हक्क एकमेकांत मिसळले गेले आहेत. लोगो हे चित्र आहे, म्हणून त्यावर कॉपीराइट असतो. लोगो ही ओळख पण आहे, म्हणून तो ट्रेडमार्क असतो. चित्राची परवानगी मिळाली की ओळखीची मिळाली असं होत नाही. विकिपीडियाचा कोड्याच्या तुकड्यांचा गोल बघा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये आपले लोगो क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या लायसन्सखाली दिले, म्हणजे चित्र म्हणून ते कुणीही घेऊ शकतो. तरी ट्रेडमार्क फाउंडेशनचाच राहिला. उद्या कुणी टिळकवाडीत ‘विकिपीडिया क्लासेस’ काढून वर तो गोल लावला, तर चित्राचं लायसन्स त्याच्या मदतीला येणार नाही.

सगळेच प्रकल्प हात आखडते घेतात असं मात्र नाही. डेबियनने दोन लोगो ठेवलेत. नुसती लाल भोवऱ्यासारखी रेघ असलेला मोकळ्या वापरासाठी, बाटलीसकटचा राखीव. लिनक्सचा पेंग्विन टक्स लॅरी युइंगने १९९६ मध्ये गिंपवर काढला. कुणी विचारलं तर माझं आणि गिंपचं नाव सांगा, एवढ्यावर त्याने तो वापरायला आणि बदलायला दिला. माझ्या दुकानात ज्यांना लिनक्सचं काहीतरी चित्र हवंच असतं, त्यांना मी टक्सच देते.

आर नसलेला लोगो मोकळा, हा तिसरा मुद्दा कायद्याच्या पहिल्या धड्यातच पडतो. गोलातला आर म्हणजे ट्रेडमार्क नोंदलेला आहे. तो छापायची सक्ती नाही. आणि नोंद नसली तरी आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं २७ वं कलम एक वाट उघडी ठेवतं. दुसऱ्याच्या नावाआड आपला माल खपवला म्हणून दावा लावता येतो. रंग बदलण्याचा चौथा मुद्दाही तसाच. दोन लोगो शेजारी ठेवून फरक मोजणं हा कोर्टाचा निकष नाही. अर्धवट आठवणीवर चालणारं साधं गिऱ्हाईक फसेल का, हे पाहिलं जातं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लोगोतला निळा-पिवळा साप हिरवा केला म्हणून क्लासला येणारं पोर त्याला दुसरं काही समजत नाही, आणि तो हिरवा करून मागणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

पाचवा मुद्दा परदेशी हक्काचा. आपल्याकडे अर्ज करणाऱ्याला त्याचा पत्ता बघून नोंदणी कार्यालय मिळतं. बेळगावकराचा अर्ज चेन्नईला जातो आणि पलीकडच्या चंदगडवाल्याचा मुंबईला, पण कायदा दोघांना एकच, आणि परदेशी संस्थाही त्याखाली नोंद करू शकते. नोंद नसेल तर काय, याची दोन उत्तरं सुप्रीम कोर्टाने दिली आहेत आणि दोन्ही सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. व्हर्लपूलची इथली नोंद १९७७ मध्ये संपली होती, तरी नाव भारतात पोचलेलं आहे म्हणून १९९६ मध्ये कोर्टाने त्या कंपनीला संरक्षण दिलं. पण २०१७ मध्ये टोयोटा ‘प्रियस’ या नावासाठी भांडली आणि हरली. जगात नाव असून भागत नाही, त्या काळात इथे नाव होतं हे दाखवा, असं कोर्ट म्हणालं. मेसेजवाल्याला या दुसऱ्या निकालाचा आधार घेता आला असता. मात्र पायथन किंवा व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या बाबतीत तो टिकेल असं मला वाटत नाही. जे सॉफ्टवेअर आपल्या कॉलेजांत शिकवलं जातं आणि घरोघरी कॉम्प्युटरवर असतं, त्याची इथे ओळख नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार?

सहाव्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण तो कायद्याबद्दल नाही, मनाबद्दल आहे. लोगोवर हक्क सांगणं तत्त्वाविरुद्ध असेल, तर तो हक्क कुणीच ठेवायचा नाही. मग काय होतं ते घडून गेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत एका त्रयस्थ माणसाने ‘लिनक्स’ हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि लिनक्सचा धंदा करणाऱ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. भांडण होऊन १९९७ मध्ये ते नाव लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सकडे आलं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका कंपनीने ‘पायथन’ हे नाव युरोपात आपल्यासाठी नोंदवायला अर्ज केला. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने जगभरच्या लोकांना पुरावे पाठवा म्हणून हाक दिली, तेव्हा कुठे कंपनी मागे हटली. ज्यांच्याकडे विकायला माल नाही, कोड फुकट देऊन टाकलाय, त्यांच्याकडे नावाखेरीज उरतं काय? व्हीएलसीचा नारिंगी शंकू लावून त्यात नको ती जाहिरातीची सॉफ्टवेअरं घुसवून वाटणारे कमी झाले नाहीत, आणि शिव्या खाव्या लागतात त्या व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या स्वयंसेवकांना.

फुकट जाहिरातीचं म्हणाल तर २०२५ चा जून आठवा. मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि कोल्हापुरीचं नाव कुठेच नव्हतं. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे, त्यात आपला बेळगाव आहे. अथणीत, निपाणीत चपला शिवणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. तेव्हा माझ्या एकाही ग्रुपवर ‘बरं झालं, फुकट जाहिरात झाली’ असं कुणी लिहिलं नव्हतं. तिथे आपली वस्तू घेऊन नाव गाळलं होतं, इथे आपण दुसऱ्याचं नाव आपल्या वस्तूवर चिकटवतोय. दोन्हीकडे करणाऱ्याला न विचारता त्याची ओळख हलवली जाते.

आणि नुकसान फक्त फाउंडेशनचं होत नाही. तीन वर्षांपूर्वी मी एका क्लाससाठी दोनशे सर्टिफिकेटं छापली. वर मधोमध पायथनचे दोन साप, क्लासचं नाव खाली बारीक. मांडणी माझी होती. वर्षभराने खानापूर तालुक्यातला एक मुलगा लॅमिनेशन केलेलं ते सर्टिफिकेट घेऊन दुकानात आला. पुण्यात मुलाखतीत त्याने ते ‘पायथन कंपनीचं’ म्हणून पुढे केलं होतं आणि समोरच्याने ते बाजूला सारलं. वडिलांनी उसाच्या बिलातून फी भरली होती. ‘अक्का, हे खरं न्हवं काय?’ त्याने विचारलं. शिकवणं खरं होतं, सर्टिफिकेट क्लासचंच होतं, पण तो लोगो पाहून त्याने जे मानलं ते खरं नव्हतं. ते मानायला मी छापलेल्या कागदाने त्याला लावलं होतं. तेव्हापासून मी तसलं काम घेत नाही.

मग लिहायचं काय? नाव लिहा की. ‘येथे पायथन शिकवले जाईल’, ‘लॅपटॉपवर लिनक्स घालून मिळेल’, यात काहीच गैर नाही. माल किंवा सेवा कशाची आहे हे प्रामाणिकपणे सांगायला कायद्याचं ३० वं कलम जागा देतं. नाव आपल्या बोर्डाच्या अक्षरात असावं, क्लासच्या नावापेक्षा मोठं नसावं, आणि कुणी नेमल्याचा भास होऊ नये. वेबसाइटवाल्यांनी डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यात, ‘वर्डप्रेस’ हा शब्द घालू नये, ते वर्डप्रेसच्या नियमातच आहे. लोगो हवाच असेल तर त्या प्रकल्पाचं ट्रेडमार्क धोरण वाचायचं, आणि त्यात बसत नसेल तर ईमेल करायचा.

मागच्या आठवड्यात अनगोळचा एक क्लासवाला पन्नास टी-शर्ट विकण्यासाठी हवेत म्हणून आला, पाठीवर लोगो. आम्ही दोघांनी बसून परवानगीचा ईमेल लिहिला: किती नग, किंमत किती, कुठे विकणार. उत्तर यायचं आहे. तोवर त्याने छातीवर स्वतःच्या क्लासचं नाव आणि पाठीवर ‘कोड लिहितो, बेळगावात राहतो’ एवढंच छापून घेतलं, बलूमध्ये. त्यातले तीस टी-शर्ट विकले गेलेत.