बिट जोडताय की बेरीज करताय?

सी भाषेत आठ बिट (एकेक ० किंवा १) जोडून एक बाइट करायचा, तर त्यात + घुसवायचा हट्ट कशासाठी? म्हणे चालतं! चालतं, पण ती जागा रिकामी आहे तोवरच. बिट ३ (मोजणी ० पासून, म्हणून किंमत ८) आधीच १ असेल आणि त्यात पुन्हा ८ मिळवलेत, तर हातचा सरळ बिट ४ वर जातो. तिथे | (बिटागणिक ‘किंवा’) वापरा. कितीही वेळा लावा, १ चा १च राहतो. आणि || (खरं-खोटं ठरवणारा ‘किंवा’) नव्हे हो! त्याचं उत्तर फक्त ० किंवा १, बाकीचे बिट गेले.

खरी डोकेदुखी पुढेच. समजा, पोर्टचा (चिपच्या पिनांवरून वाचलेल्या बाइटचा) बिट ३ उचलून बिट २ च्या जागी ठेवायचाय. पोर्ट & ८ केलं की फक्त बिट ३ उरतो, बाकी सगळे ०; म्हणजे हाती ० किंवा ८ येतं, १ नाही. तेच दोन घरं डावीकडे सरकवायला थेट << २ केलं की ३२, म्हणजे बिट २ ऐवजी बिट ५ लागला. आधी तो बिट उजवीकडे तळाला आणायला (पोर्ट >> ३) & १ करा, मग सरकवा. कंस द्यायला पैसे पडत नाहीत! सी भाषेत == चा (दोन्ही सारखे का, या तपासणीचा) मान & च्या आधी, म्हणून आधी ४ == ४ खरं, म्हणजे १ ठरतं, आणि फ्लॅग & ४ == ४ चं होतं फ्लॅग & १. कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) बहुधा इशारा देतो, पण वाचतंय कोण?

क्रमाचं तर विचारूच नका. सेन्सरकडून एकेक बिट येताना मोठ्या किमतीचा बिट आधी येत असेल तर बाइट = (बाइट << १) | बिट. लहान आधी, तर बाइट |= बिट << क्रमांक. उलटं केलंत की १ चे १२८ होतात, आणि शिव्या सेन्सरला! वर सुरुवातीला बाइट = ० लिहायचाही कंटाळा. पहिल्या पद्धतीत आठदा सरकवून जुना कचरा निदान बाहेर पडतो, दुसरीत तो तसाच चिकटून राहतो.