‘परकं रक्त’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. दात्याचे शुक्राणू घेऊन आम्हाला मुलगी झाली, हे मी गेल्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, “परकं रक्त घरात आणण्यापेक्षा दत्तक घ्यायचं. उद्या तो माणूस हक्क सांगत आला तर?”

तो येणार नाही. 2021 च्या एआरटी कायद्यानुसार, म्हणजे वैद्यकीय मदतीने होणाऱ्या गर्भधारणेच्या कायद्यानुसार, हे मूल आमचंच जैविक मूल आहे. दात्याला पालक म्हणून कसलाही हक्क राहत नाही. एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस यांच्या तपासण्या आधी होतात. आम्हा दोघांच्या लेखी संमतीशिवाय काहीच झालं नाही.

आता रक्ताचं. दत्तक मूल तर दोघांच्याही रक्ताचं नसतं, मग ते चालतं आणि हे का नाही? दत्तकाचा विचार आम्हीही केला होता. पण बायकोला बाळ पोटात वाढवायचं होतं, आणि ते मला पुरेसं होतं.

माझ्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य होते. वाटेत अडथळा असेल तर ते वृषणातून सुईने काढून इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. माझ्या वृषणाचा तुकडा काढून तपासला, तरी एकही सापडला नाही. ते कळल्यावर आठ महिने मी घरी गप्प होतो. त्या आठ महिन्यांत आई माझ्या बायकोला उपास धरायला लावत होती, काढे पाजत होती, नवस बोलत होती. हळदीकुंकवाला तिची ओटी भरायची की नाही, यावर बायका कुजबुजत होत्या. ती सगळं ऐकून घेत होती, माझ्यासाठी. आणि मी शेजारच्या खोलीत बसून होतो. काका, ‘परकं रक्त’ या दोन शब्दांच्या धाकानेच माझी जीभ उचलत नव्हती. म्हणून ते शब्द वाचून मला इतकं लागलं.

शेवटी आईला मीच सांगितलं, रिपोर्ट हातात देऊन. ती खूप रडली, मग उठून सुनेजवळ जाऊन बसली.

“मुलीला काय सांगणार?” हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2005 पासूनच्या दात्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. आपल्याकडे ती गुप्तच राहते, आणि मला हे खटकतं. लेक आता तीन वर्षांची आहे. झोपताना तिला सांगतो, “बाबांकडे बी नव्हतं, एका काकांनी दिलं.” ती विचारते, “कुठल्या काकांनी?” मी म्हणतो, “नाव माहीत नाही गं.”