आमिश कादंबऱ्या 'गोड आणि खोट्या' म्हणणाऱ्या पोस्टला माझं उत्तर

वाचणाऱ्यांच्या ग्रुप्सवर सध्या एक पोस्ट फिरतेय, मूळ कुणी लिहिली कळत नाही पण जो तो पुढे ढकलतोय. त्यात म्हटलंय की अमेरिकेतल्या आमिश लोकांच्या घरगुती आयुष्यावरच्या ख्रिश्चन कादंबऱ्या सगळ्या बाहेरच्या बायकांनी पैशासाठी लिहिलेल्या असतात, आमिश स्वतः असलं काही वाचत नाहीत, त्यात दुःख नावाला नसतं, बायकांची गुलामी सजवून दाखवलेली असते, त्यातल्यासारखी पटकन माफ करणारी माणसं खऱ्या जगात नसतात, आणि एवढं करून सगळा धर्मप्रचारच असतो. शेवटी जोडलेलं, की हे लोक टॅक्स भरत नाहीत आणि विजेला घाबरतात. आणि निष्कर्ष काय, तर 'स्वच्छ' पुस्तक म्हणजे खोटं पुस्तक.

मी ही पुस्तकं बरीच वर्षं वाचतेय, मला ती आवडतात आणि त्यातले दोषही मला माहितीयेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आमिश म्हणजे ॲनाबॅप्टिस्ट ख्रिश्चनांची एक शाखा, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, समजत्या वयात ज्याचा त्याने स्वतः घ्यायचा असं मानणारे लोक. १५२५ मध्ये झुरिकला ही चळवळ सुरू झाली, १६९३ मध्ये याकोब आमानच्या मागे जो गट वेगळा झाला तो आमिश, आणि अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात यायला लागले. आज अमेरिका-कॅनडात मिळून चार लाखांच्या आसपास आहेत. न्यू जर्सीकडची मराठी मंडळी घरून आई-बाबा आले की त्यांना पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला आमिशांच्या घोड्याच्या बग्ग्या (मोटारी ते ठेवत नाहीत, जुन्या साध्या पद्धतीने राहतात) दाखवायला नेतात, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे लोक लांबून तरी पाहिलेत.

आता पहिला मुद्दा, 'सगळ्या लेखिका बाहेरच्या'. बऱ्याचशा बाहेरच्या आहेत हे खरं. या लाटेची सुरुवात ज्या पुस्तकाने झाली असं मानतात ते बेव्हर्ली लुईसचं 'द शनिंग' (म्हणजे 'बहिष्कार'), १९९७ सालचं, आणि त्या आमिश नाहीत. पण त्यांची आजी अशाच साध्या राहणीच्या ओल्ड ऑर्डर मेनोनाइट (ॲनाबॅप्टिस्टांचीच दुसरी शाखा) समाजातून बाहेर पडलेली, म्हणजे घर सोडलेल्या बाईची गोष्ट त्यांच्या घरातलीच होती. जेरी आयकर आमिश घरात वाढलेले. आणि लिंडा बायलर? त्या आजही आमिश चर्चमध्ये आहेत, पेनसिल्व्हेनियात राहतात आणि कादंबऱ्या लिहितात, लिझी नावाच्या मुलीवरची त्यांची मालिका वाचली असती तर 'सगळ्या' हा शब्द पोस्टमध्ये आलाच नसता. आणखी मागे जा, १९४० मध्ये जोसेफ योडर यांनी 'रोझॅना ऑफ द आमिश' लिहिलं, ते स्वतः आमिश घरात वाढलेले, आणि गोष्ट त्यांच्या आईची, आयरिश कॅथलिक आईबापांची पोरगी जिला एका आमिश बाईने सांभाळलं. आमिशांबद्दल बाहेरचे लोक काहीबाही लिहितात याचा त्यांना राग होता, त्यातून ते पुस्तक आलं.

'आमिश वाचत नाहीत' हे तर साफ चूक. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एलमरला पाथवे पब्लिशर्स आहे, १९६४ पासून, आमिश लोकांनीच काढलेलं, ते मासिकं काढतात, गोष्टींची पुस्तकं काढतात, त्यांची वाचनमाला आमिश शाळांमधून चालते. ओहायोच्या शुगरक्रीकमधून १८९० पासून 'द बजेट' नावाचं पेपर निघतं, त्यात गावोगावचे आमिश लोक पत्रं लिहितात, कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं बाळ झालं, मका किती आला. ज्या समाजात टीव्ही नाही तिथे लोक वाचणार नाहीत तर काय करणार? आणि व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी याच कादंबऱ्यांवर २०१३ मध्ये एक अभ्यासू पुस्तक लिहिलंय, त्यात आमिश वाचकही भेटतात, काहींना या कादंबऱ्या आवडतात, काहींना त्यातल्या चुकांचा वैताग येतो, म्हणजे कुठल्याही वाचकाचं असतं तसंच. त्यांच्याच पुस्तकातली एक गोष्ट मात्र पोस्टच्या बाजूने जाते, २०१२ साली साधारण दर चार दिवसांना एक नवी आमिश प्रेमकथा बाजारात येत होती. एवढ्या वेगाने काढल्यावर त्यात पाट्या टाकलेली पुस्तकं असणारच, आहेतच, कव्हरवर पांढरी टोपी घातलेली मॉडेल आणि आत तीच ती गोष्ट. मला त्या कव्हरांचा रागच येतो, कारण फोटोसाठी पोज देऊन उभं राहणं आमिश लोकांना मान्य नाही आणि पुस्तक विकायचं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर.

'दुःख नावाला नसतं' हे कुणी लिहिलं असेल त्याने पहिलं पान तरी उघडलं होतं का? 'द शनिंग'मधल्या केटीला माळ्यावर तान्ह्या बाळाचा साटीनचा झगा सापडतो, आमिश घरात साटीन कुठून आलं, आणि तिथून तिला कळत जातं की आपण या आईबापांच्या पोटच्या नाही, आणि पुढे तिच्याशी अख्खं गाव बोलणं टाकतं, एका टेबलावर जेवण टाकतं. सिंडी वुड्समॉलच्या २००६ च्या 'व्हेन द हार्ट क्राइज'मध्ये सतराएक वर्षांच्या मुलीवर रस्त्यात बलात्कार होतो आणि ती ते घरात दाबून ठेवते, आणि मग त्या गप्प बसण्याचं काय काय होतं ते सगळं पुस्तकभर आहे. आमिश नसलेलं पण याच कपाटातलं जॅनेट ओक यांचं १९७९ चं पुस्तक घ्या, ज्याच्यापासून आजच्या ख्रिश्चन कादंबऱ्यांचा बाजार उभा राहिला असं म्हणतात, त्यात पोटुशी असलेल्या मार्टीचा नवरा कुठल्या कुठे परक्या मुलखात मरतो, आणि थंडीच्या तोंडावर डोक्यावर छप्पर हवं म्हणून ती एका अनोळखी विधुराशी लग्न करते ज्याला आपल्या लहान पोरीसाठी आई हवीये. हे गोड आहे? या पुस्तकांत शिव्या नसतात, बेडरूमचं दार लेखिका बंद करते, रक्त मांस उगाळून दाखवत नाहीत. 'स्वच्छ' म्हणजे एवढंच. मरण, वांझपण, कर्ज, बापलेकातला अबोला, घर सोडून गेलेला पोरगा, हे सगळं असतं आणि मी ते वाचून रडलेय.

आता माफीचा मुद्दा, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हा मुद्दा नुसता चूक नाही, माहितीच नसताना केलेला आहे. २ ऑक्टोबर २००६ ला लँकेस्टर काउंटीत निकल माइन्स नावाच्या ठिकाणी एक माणूस आमिशांच्या एका खोलीच्या शाळेत शिरला आणि त्याने दहा मुलींना गोळ्या घातल्या, पाच गेल्या, मग त्याने स्वतःला मारून घेतलं. त्याच दिवशी संध्याकाळी आमिश शेजारी त्याच्या बायकोच्या घरच्यांकडे गेले, की आमच्या मनात तुमच्याबद्दल राग नाही. त्याच्या दफनाला जे लोक होते त्यात निम्म्याहून जास्त आमिश होते, त्यात स्वतःच्या मुली गमावलेले आईबाप होते. त्याच्या बायको-मुलांसाठीही पैसे बाजूला काढले. शाळा दहाच दिवसांत पाडून टाकली आणि पुढच्या एप्रिलमध्ये जवळच नवी उघडली. हे कादंबरीत लिहिलं असतं तर याच पोस्टवाल्यांनी 'अशक्य' म्हणून हसण्यावारी नेलं असतं.

आणि हे आकाशातून पडलेलं नाही. बऱ्याच आमिश घरांत बायबलबरोबर एक जाडजूड ग्रंथ असतो, १६६० साली डच भाषेत निघालेला, धर्मासाठी मारल्या गेलेल्या लोकांच्या हकीकतींचा. त्यात डर्क विलेम्सची गोष्ट आहे, १५६९ सालची, तुरुंगातून पळाला, गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे गेला, मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून आत पडला, आणि डर्क मागे फिरला, त्याला हात देऊन बाहेर काढलं. मग डर्कला पकडलं आणि जाळलं. आमिश पोरं ही गोष्ट लहानपणापासून ऐकतात. मागे फिरल्याबद्दल डर्कला काही बक्षीस मिळालं नाही, हे त्यांना ठाऊक असतं, तरी फिरायचं.

पण 'पटकन' हा शब्द तेवढा खोडा. निकल माइन्सच्या लोकांनीच सांगितलंय की माफी एकदा देऊन संपत नाही, राग परत येतो आणि परत द्यावी लागते, त्यातल्या कित्येकांनी समुपदेशकांचीही मदत घेतली. चांगल्या आमिश कादंबऱ्यांचं बळ नेमकं इथे आहे, तोंडाने माफ केलेल्या आणि आतून न झालेल्या बाईचे दोनशे दिवस कसे जातात ते त्या दाखवतात, धुणं वाळत घालताना, लोणची भरताना, दर दुसऱ्या रविवारी घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनेत त्याच माणसासमोर बाकावर बसताना. वाईट कादंबऱ्या हे तीन पानांत उरकतात, मान्य.

बायकांचं. आमिश चर्चमध्ये बाई धर्मगुरू होत नाही, घटस्फोट नाही, आठवीनंतर शाळा नाही, मुलांनाही नाही आणि मुलींनाही नाही (१९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विस्कॉन्सिनच्या खटल्यात त्यांना तशी मोकळीक दिली). मला यातलं बरंच पटत नाही. पण गुलामी म्हणण्याआधी हेही बघा की बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः ठरवून घ्यायचा असतो, घेतलाच नाही आणि निघून गेलं तर बहिष्कार लागत नाही, बहिष्कार बाप्तिस्म्यात वचन देऊन ते मोडलं तर, आणि धर्मगुरू निवडताना नावं सुचवण्याचा हक्क बायकांना पुरुषांइतकाच. रजयांची दुकानं, बेकऱ्या, रोपवाटिका कितीतरी बायका स्वतः चालवतात. कादंबऱ्यांमधल्या नायिका बहुतेक याच उंबरठ्यावर उभ्या असतात, वचन द्यायचं की नाही, राहायचं की जायचं, आणि दोन्ही बाजूंनी काय गमवावं लागेल ते त्यांना दिसत असतं. एका ठिकाणी मात्र पोस्ट बरोबर आहे आणि मी ते लपवणार नाही. समाजाच्या आत झालेले लैंगिक अत्याचार, आणि ते पोलिसांकडे न नेता चर्चच्या आत मिटवणं, यावर गेल्या काही वर्षांत पत्रकारांनी बरंच बाहेर काढलंय, आणि या कादंबऱ्यांपैकी फारच थोड्या तिथे हात घालतात, वुड्समॉलच्या गोष्टीतही गुन्हेगार बाहेरचाच आहे. हा या पुस्तकांचा सगळ्यात मोठा दोष.

टॅक्सचं झटकन. इन्कम टॅक्स भरतात, प्रॉपर्टी टॅक्स भरतात, ज्या सरकारी शाळांत पोरं जात नाहीत त्यांच्यासाठीही भरतात. फक्त सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनसाठीच्या करातून, सूट आहे, कारण म्हाताऱ्यांना आपणच सांभाळायचं असं त्यांचं म्हणणं, आणि तो फायदाही ते घेत नाहीत. १९६१ मध्ये या रकमेसाठी सरकारने पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅलेंटाइन बायलर या शेतकऱ्याचे घोडे, ऐन पेरणीत, जप्त करून विकले, त्यावरून गवगवा झाला आणि १९६५ मध्ये सूट मिळाली. विजेचंही तसंच, भीती कसली, बाहेरची लाइन घरात नको म्हणून गॅसवरचा फ्रिज, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं, कित्येक ठिकाणी सोलर, आणि फोन घरात नाही तर शेताच्या कडेला खोपटात. प्रत्येक वस्तू घरात आली तर घराचं काय होईल हे बसून ठरवतात.

राहता राहिला धर्मप्रचार. हो, ही पुस्तकं श्रद्धेने लिहिलेली आहेत, लपवत नाहीत. पण तेवढ्याने पुस्तक बाद होत असेल तर आपण मराठीतल्या पहिल्या कादंबरीचं काय करायचं? बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७, ख्रिस्ती झालेल्या माणसाने ख्रिस्ती विचार मनात धरून लिहिलेलं, आणि त्यात विधवांचे जे हाल मांडलेत ते तेव्हा दुसऱ्या कुणी कादंबरीत मांडले होते का? प्रचार आहे म्हणून ते हाल खोटे ठरत नाहीत. आमिश कादंबऱ्यांत खरी अडचण वेगळीच आहे आणि पोस्टला ती दिसलेलीच नाही. लिहिणाऱ्या बहुतेक इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या वेगळ्या वळणाच्या, त्यांच्याकडे 'माझा उद्धार झाला' असं ठामपणे सांगतात, आणि जुन्या वळणाचा आमिश माणूस असं म्हणणं गर्वाचं मानतो, तो फक्त आशा धरतो आणि बाकी देवावर सोडतो. त्यामुळे कित्येक पुस्तकांत आमिश नायिका शेवटी लेखिकेच्या चर्चसारखं बोलायला लागते. तिथे मला पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं. लिंडा बायलरमध्ये हे होत नाही, तिथे लिझीला मुळात तिच्या तापट स्वभावाची आणि पैशाच्या चणचणीची काळजी आहे. वाचून बघायचं असेल तर तिथून सुरू करा, मग लुईस, मग वुड्समॉल. आणि पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्यांनी आपण यातलं कुठलं वाचलंय ते वर लिहून मग फॉरवर्ड करावी, मी त्या पुस्तकावर बोलायला तयार आहे.