हे गायरान कुणाच्या ताब्यात?

आज सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी एवढेच लिहिले होते की, आगीनंतर आता सगळीकडे पुनर्बांधणीचीच घाई असली तरी पोट्रेरो कॅनियनच्या बागेचा विषय लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स या भागातल्या कम्युनिटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या मंडळाने, सोडता कामा नये. त्यावर एका गृहस्थांचे उत्तर आले, ‘लोकांची घरे जळाली आहेत ताई, आणि तुम्हाला बागेचे पडले आहे!’ त्याखाली सात जणांचे अंगठे. दिवसभर कामात लक्ष लागले नाही, म्हणून आता रात्री, स्वयंपाकघर आवरून, हे लिहायला बसले आहे.

घरे आधी, हे मला मान्य आहे. 7 जानेवारी 2025च्या आगीत सहा हजारांहून अधिक इमारती गेल्या, पॅलिसेड्सचे ग्रंथालय गेले, माणसे गेली. सॅन्टा मोनिकातल्या आमच्या खिडकीतून तो धूर मीही पाहिला आहे. पण बागेबद्दल विचारले म्हणजे घरांबद्दल काही वाटत नाही, हा हिशोब कुणी मांडला?

2023च्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा त्यांना मी या बागेत नेले होते. वर रिक्रिएशन सेंटरपाशी सुरू होणारी वाट घळीतून वळणे घेत समुद्राच्या दिशेने उतरते. बाबांनी नावाचा अर्थ विचारला. स्पॅनिशमध्ये पोट्रेरो म्हणजे घोड्यांचे कुरण, असे मी सांगताच ते थांबले, काठी रोवली आणि म्हणाले, ‘म्हणजे गायरान की! मग हे गायरान कुणाच्या ताब्यात आहे?’ तलाठी म्हणून तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? जमीन लॉस एंजेलिस शहराची आहे, असे मी सांगितले. ‘आणि लक्ष कोण ठेवतं?’ इथल्या लोकांचे एक मंडळ आहे, हीच कम्युनिटी कौन्सिल, 1973पासूनची. काही जण भागवार निवडलेले, काही संस्थांचे प्रतिनिधी, पगार कुणालाच नाही. ‘अधिकार काय?’ कायद्याने काहीच नाहीत, फक्त विचारायचे. त्यावर बाबा हसले. ‘चावडीवर रोज येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही साहेबापेक्षा जास्त भ्यायचो. साहेब बदलून जायचा, म्हातारा जायचा नाही.’

हेच मला त्या सात अंगठ्यांना सांगायचे आहे.

या घळीच्या काठावरची घरे दरडी कोसळून धोक्यात आली, काही गेली, आणि अखेर शहराला ती घरे विकत घ्यावी लागली. घळ आणखी ढासळू नये म्हणून तिच्यात मातीचा भराव घालून, पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था करून, वर बाग करायचे 1980च्या दशकात ठरले. बाग उघडली डिसेंबर 2022मध्ये. मधल्या काळात किती महापौर आले, किती नगरसेवक आले, किती वेळा पैसा संपला म्हणून यंत्रे थांबली! काठावरच्या ज्या जागा शहराच्या ताब्यात आल्या होत्या त्या विकून आलेला पैसा याच घळीवर खर्च व्हावा, इकडेतिकडे वळू नये, यासाठी नागरिकांची सल्लागार समिती पाळत ठेवून बसली होती. तिचे अध्यक्ष जॉर्ज वुल्फबर्ग कधीकाळी याच कम्युनिटी कौन्सिलचेही अध्यक्ष होते. ते मुळात शहराच्याच सेवेतले निवृत्त अधिकारी, त्यामुळे कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना आतून ठाऊक होते. 2020मध्ये ते वारले. आज 46 एकरांच्या या बागेला त्यांचे नाव आहे, पण ती उघडलेली त्यांनी पाहिली नाही. बाबांच्या चावडीवरचा म्हातारा, दुसरे कोण?

अशा मंडळांत घरमालकांचा आवाज मोठा असतो आणि माझ्यासारख्या भाडेकरूंचा बारीक, हे खरे आहे. तेवढ्यासाठी मंडळच नको म्हणायचे असेल, तर मग गावची ग्रामसभाही नको म्हणा. आणि आपण लोक तर धन्यच आहोत. पुण्यात वेताळ टेकडीतून रस्ता नको म्हणून भाऊ-बहीण रस्त्यावर उतरले की त्यांचे फोटो आपण इथून अभिमानाने पुढे पाठवतो, आणि ज्या गावात आपली मुले वाढतात तिथल्या सभेची तारीख आपल्याला माहीत नसते. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे, कारण मी स्वतः आजवर दोनच सभा ऐकल्या आहेत, आणि त्यातल्या एकीत भाजी चिरत होते.

इथवर लिहून मी पुन्हा तो गट उघडला आणि अंगठे देणाऱ्यांची नावे नीट वाचली. त्यातल्या एका ताईंचे घर खरोखरच गेले आहे. पूर्वी त्या संध्याकाळी याच वाटेवर भेटत. खडी चढण लागली की कमरेवर हात ठेवून थांबत आणि ‘तू हो पुढे’ म्हणत. त्यांनी अंगठा दिला असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यावर मला काही बोलायचे नाही. ज्यांच्या घराची एक काचही तडकली नाही, त्या गृहस्थांवरचा राग मात्र तसाच आहे.

आगीच्या रात्री बाबांचा फोन आला होता. आधी आम्ही सगळे कुठे आहोत, मुले काय करताहेत, हे विचारून झाले. मग थोडा वेळ ते गप्प राहिले आणि म्हणाले, ‘आणि ते गायरान?’ बागेचे पडलेला माणूस कसा असतो, ते मला त्या रात्री कळले. त्यांना माणसांची काळजी कमी होती, असे म्हणायचे धाडस कुणी करावे.

त्या दिवशी वाट संपेपर्यंत आम्ही खाली उतरलो होतो. समोर हायवेवर गाड्यांची रांग, पलीकडे समुद्र, आणि मध्ये जायला वाट नाही. पादचारी पुलाची मागणी कितीतरी वर्षांची आहे, पूल अजून झालेला नाही. बाबा काठीवर हात ठेवून बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. ‘पूल कधी होणार आहे?’ असे त्यांनी तेव्हा विचारले आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर विचारत आले आहेत. उद्या रविवार आहे, उद्याही विचारतील. या वेळी ‘माहीत नाही’ म्हणण्याऐवजी पुढच्या सभेची तारीख सांगणार आहे. ती आत्ताच शोधून फ्रिजवर लावली.