आठ बलक आणि एक तार

पोर्तुगालच्या आवेरू गावातल्या ‘ओव्हुश मोलिश’ या मिठाईची कृती वाचून भलेभले फसतात. साखर, पाणी, अंड्याचा पिवळा बलक. संपली यादी. वेलची नाही, केशर नाही, वरून पेरायला पिस्त्याचे कापही नाहीत. मला अशा कृतींची धास्ती वाटते. जिन्नस तीन असले की चूक झाकायला चौथा मिळत नाही.

प्रमाण घरगुती घ्या: आठ बलक, 250 ग्रॅम साखर, 100 मिलीलीटर पाणी. छळाची सुरुवात अंडं फोडण्यापासून होते. बलकाला पांढऱ्याचा कणही चिकटलेला चालत नाही, कारण पांढरं आधी शिजतं आणि सोनेरी मलईत पांढरे दोरे तरंगू लागतात. म्हणून बलक बारीक गाळणीवर ठेवून टोचायचा आणि आपसूक गळू द्यायचा. चमच्याने रगडलात की वरची पातळ पिशवीही खाली उतरते, आणि तिच्याबरोबर अंड्याचा तो वास. घरातले मग एकमेकांकडे बघत ‘छान झालंय’ म्हणतात.

त्यानंतर पाक. लाडवाच्या पाकाने पोळलेल्यांना वेगळं सांगायला नको. इथे तो एकतारीच्या थोडा पुढे न्यायचा. थर्मामीटर असेल तर साधारण 108 अंश. नसेल तर पळी उचलल्यावर शेवटचा थेंब मोत्यासारखा लोंबकळला पाहिजे. कच्चा राहिला तर मिश्रण दाटच होत नाही, म्हणून आपण ते जास्त वेळ आटवत बसतो आणि बलक फाटतो. पुढे गेला तर दुसऱ्या दिवशी मलईत साखर कचकचते. या दोन संकटांच्या मधली वेळ फार थोडी असते, आणि माझा अनुभव असा की दाराची बेल नेमकी तेव्हाच वाजते.

पाक उतरवला की थांबायचं. बोटाला कोमट लागेपर्यंत. निम्मी पातेली या पायरीवर बिघडतात, कारण पाकाचा चटका बसला की बलक जागच्या जागी थिजतो आणि हाती गोड भुर्जी येते. कोमट पाक थोडा थोडा बलकात घालत ढवळायचा, मग सगळं जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर. ‘एकाच दिशेने ढवळा’ असं आवर्जून सांगतात. माझ्या मते दिशेपेक्षा तळ महत्त्वाचा. लाकडी कालथा बुडाला आणि कोपऱ्यांना लागलाच पाहिजे. बलक तिथे पहिल्यांदा पकडतो. कालथा फिरवल्यावर तळात रस्ता उघडला आणि क्षणभर तसाच राहिला की गॅस बंद. ‘अजून जरासं’ म्हणणाऱ्याला त्या क्षणी स्वयंपाकघराबाहेर पाठवावं. मिश्रण गार होताना आणखी दाट होतं, म्हणून झाकून रात्रभर ठेवायचं.

आवेरूत ही मलई लाकडी रंगीत पिंपांत भरून विकतात, नाहीतर पिठाच्या पातळ पांढऱ्या पापडीत. मिस्साच्या वेळी चर्चमध्ये देतात तसलीच ही पापडी, पण शिंपले, शंख, मासे अशा आकारांत दाबलेली. गाव खाडीकाठचं आहे ना. पोकळीत मलई भरायची, वर दुसरी पापडी चिकटवायची आणि कात्रीने आकार कापायचे. पापडी कोरडी असेल तर तडकते, ओली झाली तर लोळते. घरी हा उद्योग करू नये, वाटीत घालून चमच्याने खावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पापडीवालं खायचंच असेल तर आवेरूला जावं. 2009 साली युरोपीय संघाने या मिठाईला भौगोलिक संरक्षण दिलं, तेव्हा घरची मिठाई ते नाव लावून विकायची सोयही उरलेली नाही.

हा सगळा पसारा मूळचा मठातल्या जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा. पांढऱ्याने झग्यांना खळ करायची, वाइन नितळ करायची, आणि उरलेल्या बलकांचं गोड करायचं, अशी तिथली व्यवस्था सांगतात. 1834 मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले. जोगिणींच्या मठांत नव्यांना प्रवेश बंद झाला, आणि कृती हळूहळू गावातल्या बायकांच्या हाती आल्या. बलकांची ही उधळपट्टी पोर्तुगिजांबरोबर गोव्यातही पोचली. बेबिंका ही थरांची गोवेकर मिठाई करणाऱ्यांना विचारा. तिथे तर नारळाचं दूधही काढायचं आणि थरामागून थर भाजत बसायचं. तिला 2023 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते सोशिकपणासाठी दिलं असतं तरी चाललं असतं.

आपल्याकडे ना झग्यांना खळ करायची असते, ना वाइन नितळायची, त्यामुळे आठ पांढरी ओट्यावर उरतात. त्यांचं ऑम्लेट बेचव लागतं; कांदा, मिरची सढळ हाताने घाला. बरणीत भरून गोठवली तर महिनाभर सहज टिकतात. जिमला जाणारा भाचा किंवा पुतण्या असेल तर मात्र बलक फोडण्याआधीच त्याला फोन करा.