मधली सीट आणि वरचा घाट

जादा पैसे मोजून घेतलेली कडेची सीट गेटवर दोन शब्दांत गेली: 'ऑपरेशनल कारण'. मुंबई ते लंडन, हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, आणि मी मधल्या सीटवर. डावीकडचा गडी उड्डाणाआधीच घोरायला लागला होता. खिडकीत काका.

काका एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक, लेकीकडे निघालेले. त्यांनी तिकिटाची प्रिंट काढली, बॉलपेनने वेळांखाली रेघा मारल्या आणि मला कोपराने ढोसलं.

"दोनला सुटते, संध्याकाळी सातला टेकते. पाच तास. आणि ही बाई माइकवर साडेनऊ म्हणतेय. खरं कुणाचं?"

"तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे असतं, काका."

"आणि येताना? रात्री नऊला सुटून दुसऱ्या दिवशी साडेदहाला. साडेतेरा तास! म्हणजे जाताना उतार, येताना घाट."

मी म्हटलं, उलट आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं वाहतं. जाताना ते अंगावर येतं, येताना मागून ढकलतं. म्हणून परतीला अर्धा तास कमीच लागतो.

काकांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणजे घाट जातानाच आहे, आणि वेळापत्रकात उतार दाखवलाय! आमच्या डेपोत असं कुणी केलं असतं तर दुपारपर्यंत मेमो हातात."

मग समोरचा नकाशा सुरू झाला. "८२० दाखवतोय. मघाशी ८६० होता. ड्रायव्हर बदलला का?" ७,२०० भागिले साडेनऊ करून त्यांनी सरासरी साडेसातशेच्या वर काढली आणि उरलेल्या वेगाचा हिशेब माझ्याकडे मागितला. आता विमान काही पट्टीने आखलेल्या रेघेवरून जात नाही. कुठे युद्ध, कुठे आकाश बंद. भारतीय विमानांना तर एप्रिल २०२५पासून पाकिस्तानवरून जाता येत नाही. हे सगळं मी सांगितलं. घसा सुकला, पण पाणी मागायला हात वर करावा तर दोन्ही हातदांड्यांवर परक्यांचा कब्जा. त्या नकाशावर तुर्कस्तान नावाचा जो देश आहे, तो संपतच नाही. मी डुलकी काढून उठलो तरी आम्ही तुर्कस्तानातच.

आणि कडेची सीट? तिथे एक तरुण पाय पसरून सिनेमा बघत होता. मी पैसे भरलेल्या सीटवर. बारीक अक्षरांत म्हणे लिहिलेलं असतं की पैसे 'पसंती'चे आहेत, सीटचे नाहीत. मग पसंती मी घरी बसून फुकट केली असती की!

लंडनवर विमान गोल गोल फिरायला लागलं. लोक कुरकुरले. काका मात्र पहिल्यांदाच खुलले. "फलाट रिकामा नाही," ते म्हणाले. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे निदान बरोबरच होतं.

उतरताना मी हवाईसुंदरीकडे सीटची तक्रार केली. तिने हसून एका क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. स्कॅन केला तर पहिला प्रश्न: 'तुमचा प्रवास किती आनंददायी झाला?'

काका मागून म्हणाले, "तक्रार पुस्तक मागा. आमच्याकडे ते कुणी मागितलं की आम्ही आधी चहा मागवायचो."