नामदेव कच्चे ठरले, पण पुढं काय?

आमच्याकडं सप्ताहात गोरोबाकाकांची कथा लागली की मंडप हसतो. तेरचे गोरोबा कुंभार मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकत जातात, बाकीचे गुमान बसतात, नामदेव तेवढे चिडतात आणि 'हे मडकं कच्चं' असा निकाल लागतो. मग औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय टाकून पडलेले विसोबा खेचर भेटतात. देव नाही अशी जागा दाखव, तिथं पाय ठेवतो, म्हणतात. नामदेवांचे डोळे उघडतात, महाराज 'पुंडलिक वरदा' करतात आणि आपण पंगतीला पळतो.

मला वाटतं, ऐकण्यासारखं त्याच्यापुढं आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे. गेले १३५० मध्ये. म्हणजे 'पक्के' झाल्यावर अर्धशतक उरलंच होतं! त्यातला मोठा काळ ते उत्तरेत फिरले, पंजाबात घुमानला राहिले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. (त्या ग्रंथाला गुरुपद मिळालं १७०८ साली, नांदेडात. नामदेवांच्या जन्मगावापासून, नर्सीपासून, नांदेड किती लांब? पण आपण कधी हा धागा जोडत नाही.)

त्या पदांत नामदेव विचारतात, एका दगडाला पुजायचं आणि दुसऱ्यावर पाय द्यायचा, हे कसं? तरी त्याच पदांत 'बीठल' आहे. भीमाकाठचा विठ्ठल त्यांनी पंजाबात टाकून दिला नाही, तो सगळीकडं दिसायला लागला. म्हणून सगुण ही खालची पायरी, निर्गुण वरची, असं कुणी सांगायला लागलं की मला ते पटत नाही. आधीचं सोडून पुढं जाणं वेगळं आणि आधीचंच रुंद होत जाणं वेगळं.

माझी आज्जी तरुणपणी सोवळ्याची इतकी कडक, की तिच्या चुलीजवळ जायची आमची हिंमत नव्हती. उतारवयात शेजारणीबरोबर परभणीच्या उरुसाला जायला लागली. काकानं टोकलं तर म्हणाली, "त्योच हाय की तिथं बी." गळ्यातली माळ होती तिथंच होती. हे कधी बदललं, आम्हाला कुणालाच कळलं नाही. तिला तरी कळलं असेल का, कोण जाणे.

नुसत्या वयानं हे होतं असंही नाही. गावोगाव बघा, केस पांढरे झाले, सप्ताहात वीणा गळ्यात, आणि नांगरटीला भावाचा बांध कोरणं चालूच. 'रिटायर झाल्यावर अध्यात्माकडं वळू' म्हणणाऱ्यांना तर मी हसतोच. आयुष्यभर ज्याला कुणी टोकलेलं खपलं नाही, तो साठीनंतर कुणाचं थापटणं डोक्यावर घेणार आहे?

आणि त्यासाठी पंजाबच गाठावा लागतो असंही नाही. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्याच घरात दळण-कांडण करत राहिली. तिचा विठ्ठल जात्याला हात लावायला आला. कुठं गेली ती? कुठंच नाही. तिच्या अभंगांतला मोकळेपणा बघा, देवाला शिव्या घालायलाही ती कचरत नाही.

यंदा गावच्या सप्ताहाची वर्गणी द्यायला गेलो की महाराजांना विनंती करणार आहे: थापटण्याची कथा घ्या, पण एक दिवस नामदेवांच्या घुमानच्या वर्षांवरही लावा. पंगत थोडी उशिरा बसली तरी चालेल.